मोठ्या आईवर पुस्तिका लिहितोय. 'भूषवलेली पदे' रकाना रिकामा आहे. पुढे काय?

बारक्या_लासलगावचा

नमस्कार मंडळी. आमची मोठी आई (थोरल्या चुलत्यांची बायको) मागच्या पौषात गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर चाळीसेक पानांची पुस्तिका काढायचं ठरलं आणि घरात 'लिहिता येतं' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. छापखान्यातल्या पोराने नमुना पाठवला: जन्म, शिक्षण, भूषवलेली पदे, पुरस्कार. मोठी आई चौथी शिकलेली. पद एकही नाही. पुरस्कार म्हणाल तर भजनी मंडळाने दिलेलं स्टीलचं तांब्याभांडं.

आणि तरी दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात निम्म्या बायका खळ्यावरच्या. लासलगावला कांद्याचा लिलाव सगळ्यांना माहीत असतो, पण लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर दिवसभर उन्हात बसून गोल्टी (बारका कांदा) वेगळी, जोड वेगळा, सडका वेगळा करणाऱ्या बायका कुणाला आठवत नाहीत. त्यांची तान्ही पोरं ढिगाशेजारी फाळक्यावर, डोळ्यांत कांद्याची धूळ. मोठ्या आईने कांदा साठवायच्या आमच्या रिकाम्या चाळीत आडव्या वाशांना झोळ्या बांधल्या. एका वेळी सात-आठ झोळ्या असायच्या. मी पाच-सहा वर्षांचा होतो, माझं काम दोऱ्या ओढायचं. उन्हाळ कांदा चाळीत भरायची वेळ आली की दरवर्षी मोठे बाबा आणि तिची ठरलेली बाचाबाची: "चाळ कांद्याची का पोरांची?" ती म्हणायची, "कांदा रडत नाही, थांबंल दोन दिवस."

नंतर पंधरा बायकांचा बचत गट, महिना वीस रुपये. त्याच्या सात वह्या माझ्याकडे आहेत. हिशेबापेक्षा शेरेच जास्त: "हप्ता नाही. सासू दवाखान्यात." "पैशाऐवजी अर्धी गोणी गोल्टी आणली, २० धरले." ज्यांचे नवरे गेलेत त्यांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्जही ती शाळेतल्या पोरांना बसवून लिहून घ्यायची. मीही लिहिलेत. अक्षर चुकलं की टपली.

आता अडचणी. ती शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला घरात न सांगता गेली होती, असं सगळे सांगतात. तिच्या कुंकवाच्या डबीत संघटनेचा लाल बिल्ला सापडलाय. पण साल प्रत्येक जण वेगळं सांगतो. आत्या म्हणते १९८४, मोठे बाबा म्हणतात "भाऊबीजेला गेली ती आठ दिवस आलीच नाही, एवढंच ठाऊक." दुसरं, लक्ष्मीमुक्तीत (बायकोच्या नावावर जमीन करायची संघटनेची मोहीम) तिने भांडून 'सगळी जमीन' नावावर करून घेतली अशी दंतकथा आहे. खरं कसं शोधायचं? आणि तिसरं जरा नाजूक. गटाचे पैसे तिने एका पतसंस्थेत ठेवले होते, ती बुडाली. मोठ्या आईने गळ्यातली पोत मोडून बायकांचे पैसे फेडले. घरचे म्हणतात हे लिहू नको, ती फसली असं दिसेल.

उन्हाळ_कांदा

बाळा, साल १९८६. नोव्हेंबरची ९ आणि १० तारीख. मी होते तिथे, निफाडहून आमची ट्रॅक्टरची ट्रॉली गेली होती. तुझे मोठे बाबा बरोबर बोलताहेत. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या अगदी सुरुवातीला होती. तिचं माहेर चांदवडच्या बाजूला असेल तर हिशेब सरळ आहे. भाऊबीजेला गेली, अधिवेशन होईपर्यंत माहेरीच राहिली आणि मग परतली. आमच्यातल्या कितीतरी जणींनी हेच केलं. सासरी विचारलं असतं तर "रोप टाकायचे दिवस, आत्ता कुठं?" हेच उत्तर होतं.

काय आठवतं विचारशील तर भाषणं कमी आणि गर्दी जास्त. लाखावर बाया होत्या म्हणतात, मोजायला कोण गेलंय! भाकरी-ठेचा फडक्यात बांधून नेलेला. संघटनेचे नेते शरद जोशी काय बोलले ते सगळं कळलं असं नाही म्हणणार. पण पंचायतीच्या निवडणुकांत सगळ्या जागा बायांनीच लढवायच्या असं तिथं ठरलं, ते मात्र घरी येईपर्यंत डोक्यात वाजत होतं. आणि अनोळखी बाई शेजारी बसून विचारायची, "तुझ्या नावावर काय हाय?" मी म्हटलं, "काय नाय." ती म्हणाली, "माझ्या बी." दोघी हसलो.

झोळ्यांचं पहिल्या पानावर घे. जन्मतारीख नंतर टाक.

नमुना_सहा

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून जमिनीपुरतं सांगतो. दंतकथेवर जाऊ नका, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) काढा. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. जुना हाती लिहिलेला सातबारा मिळवा, त्यावरून क्रमांक घ्या आणि गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफार नोंदवहीची, नक्कल मागा. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. जुनी कागदपत्रं स्कॅन करून ऑनलाइनही ठेवली आहेत, आधी तिथे बघा.

त्या नोंदीत वर्दी (बदलाची खबर) कुणी दिली, कोणत्या कारणाने, किती क्षेत्र आणि मंडल अधिकाऱ्याने ती कधी मंजूर केली हे सगळं असतं. वर्दी कुणी दिली ती ओळ-दीड ओळ नीट वाचा. माझ्या अनुभवात लक्ष्मीमुक्तीच्या नावाखाली 'सगळी जमीन' क्वचित. बहुतेक ठिकाणी एक तुकडा, नाहीतर नवऱ्याबरोबर सामाईकात नाव. पण त्या काळी तेवढं करायलाही गावात लोक हसायचे, हेही लिहा. ज्या गावात शंभरावर घरांनी हे केलं तिथे जोशी स्वतः यायचे.

काथ्याकूट

थोडं कडू बोलतो. अशा पुस्तिका मी डझनभर पाहिल्यात, सगळ्यांत बाई 'वात्सल्यमूर्ती' असते आणि पान तीनपासून झोप येते. तुमची मोठी आई रागवायची का? कुणाशी वैर होतं का? वहीतले शेरे जसेच्या तसे छापा, अशुद्ध लेखनासकट. पतसंस्थेचं लिहाच. नाव घालू नका, पण बाई फसली हे लपवलंत तर पोत मोडण्याला अर्थ काय राहिला?

उन्हाळ_कांदा

@काथ्याकूट, पटलं अर्धंच. त्या पंधरा जणींतल्या ज्या हयात आहेत त्यांना आधी विचारू दे. पैसे परत घेताना काहींना लाज वाटली असेल, काहींनी घेतलेही नसतील. गोष्ट त्यांचीही आहे.

बारक्या_लासलगावचा

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. फेरफार मिळाला. १९९१ सालचा. सगळी जमीन नाही, विहिरीकडचे ३१ गुंठे. आणि 'वर्दी' पुढे मोठ्या बाबांचं नाव, खाली त्यांचीच सही. भांडणबिंडण काही दिसत नाही. मोठ्या बाबांना कागद दाखवला तर म्हणाले, "चाळीवरनं रोज कटकट. म्हटलं घे तुझी तू जमीन, बांध तुझी चाळ." मी विचारलं, मग तिने बांधली का? "कुठली बांधते. तिथं मेथी लावली अन् खळ्यावरच्यांना जुड्या वाटल्या."

गटातल्या नऊ जणी भेटल्या. सहा जणी म्हणाल्या लिही. दोघींनी पैसे घेतलेच नव्हते, हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. एक जण काही बोलली नाही, चहा केला. तिचं नाव वगळून लिहितोय.

@काथ्याकूट, वैर होतं. समोरच्या काकूंशी अकरा वर्षं अबोला, कारण निघालं एक उसनी दिलेली पाटी. ते प्रकरण आता पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं झालंय.

आता फक्त मुखपृष्ठ राहिलं. तिचा एकटीचा फोटोच नाही, प्रत्येकात कुणाचं तरी पोर कडेवर. त्यातला एक चाळीसमोरचा चांगला आहे. पोर कुणाचं ते घरात कुणाला ओळखू येत नाही. खळ्यावर दाखवायला नेतोय रविवारी.