रेटिनॉलला ०.३ टक्क्यांची वेसण: काळजी की आगाऊपणा?

कोरडवाहू:
परवा एकांनी लिहिलं की युरोपने रेटिनॉल (सुरकुत्यांच्या क्रीममधलं व्हिटॅमिन ए) ०.३ टक्क्यांवर आणलं म्हणजे ते विषच आहे, घरातल्या बाटल्या फेकून द्या. वर सगळ्यांचे अंगठे! डोकंच फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. अहो, नियम वाचा तरी. चेहरा आणि हातांना ०.३, अंगाच्या लोशनला ०.०५. नवा माल १ नोव्हेंबर २०२५ पासून, आधीपासून बाजारात असलेल्याला १ मे २०२७ पर्यंत मुभा. विष असतं तर एवढे दिवस विकू दिलं असतं होय? आणि कारण त्वचेचं नाहीच मुळी. व्हिटॅमिन ए जेवणातून जातं, गोळ्यांतून जातं, त्यात क्रीमची भर, मग सगळ्यात जास्त ए घेणारे जे पाचेक टक्के लोक आहेत त्यांचं प्रमाण हाताबाहेर जाऊ शकतं, एवढंच त्यांच्या समितीचं म्हणणं. त्या पाच टक्क्यांपायी माझी १ टक्केवाली बाटली गेली. गोळ्यांवर घाला ना मर्यादा!

लेबलवाचक:
गोळ्यांवरही घाला, कोण नको म्हणतंय. पण कॉस्मेटिकचा कायदा कॉस्मेटिकपुरताच चालणार. आणि ज्याला खरंच जोर हवाय त्याला ट्रेटिनॉइन, म्हणजे याच घराण्यातलं जास्त जोरदार औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतंच की. १ टक्का फासून साल निघालेले चेहरे घेऊन लोक इथेच येतात, पर्जिंग (नवं क्रीम लावल्यावर सुरुवातीला काही दिवस पुळ्या येतात ते) आहे का हो विचारत. पर्जिंग नाही, जळलंय ते.

कोरडवाहू:
आलात परत त्वचेवर! वर काय लिहिलंय मी? आणि एवढी काळजी आहे तर रेटिनाल, जे त्याच घराण्यातलं पण जोराने रेटिनॉलच्या एक पायरी पुढचं, ते या नियमात का नाही? रेटिनॉल आणि त्याचे दोन एस्टर (त्याचीच सौम्य रूपं) धरले आणि याला मोकळं सोडलं.

लेबलवाचक:
हा मुद्दा मान्य. बघा, मान्य करता येतं माणसाला. तुम्हीही कधीतरी करून बघा.

निसर्गकन्या:
मुळात ही केमिकलं लावायचीच कशाला म्हणते मी? पॅराबेनवर, त्या क्रीम टिकवणाऱ्या प्रिझर्वेटिव्हवर, बंदी आली तेव्हाही लोक असेच भांडत होते, शेवटी कॅन्सरचं निघालंच ना. मी तेव्हापासून सगळं पॅराबेन-फ्रीच घेते.

चिडका बिब्बा:
झालं सुरू. ताई, सरसकट बंदी नाहीये हो. युरोपने २०१४ मध्ये पाच पॅराबेन बंद केले, ते कंपन्यांनी सुरक्षिततेची पुरेशी माहिती दिली नाही म्हणून. मिथाइल-इथाइल आजही ०.४ टक्क्यांपर्यंत चालतात, प्रोपिल-ब्युटिल ०.१४ पर्यंत. कॅन्सरची बोंब उठली ती २००४ च्या एका अभ्यासावरून, २० गाठी तपासल्या, त्यांत पॅराबेन सापडलं, निरोगी भागात किती असतं ते बघितलंच नाही! आणि पॅराबेन काढून त्या जागी काय घातलं माहितीये? मिथाइलआयसोथायझोलिनोन. बायकोने बाळाला पुसायला पॅराबेन-फ्री वाइप्स आणले आणि तिचीच बोटं फुटली, भेगा, पाणी येतंय, रात्री झोप नाही, साबण बदलून झाला, मलमं झाली, शेवटी पॅच टेस्टमध्ये (पाठीवर पट्ट्या लावून ऍलर्जी शोधतात ती) हेच नाव. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसवाल्या (कातडीला काही लागून होणारा दाह) संस्थेने २०१३ ला वर्षाचं ऍलर्जन म्हणून याचीच निवड केली होती. आमच्याकडे मात्र पाकिटावर हसरं बाळ.

निसर्गकन्या:
आवाज चढवायचं कारण नाही. माझी मावशी ब्रेस्ट कॅन्सरने गेली. २० गाठींत सापडलं ना? मला तेवढं पुरे आहे, मला नको ते अंगाला.

चिडका बिब्बा:
मावशींचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. तुम्हाला नको तर लावू नका. पण क्रीममध्ये पाणी आहे म्हटल्यावर प्रिझर्वेटिव्ह लागणारच, नाहीतर बुरशी आणि जंतू फुकट. एक काढलं की दुसरं येतं, आणि ते दुसरं कमी तपासलेलं असतं, माझी तक्रार एवढीच आहे.

निशाचर:
रेटिनॉलचा धागा होता ना हा? की मी चुकून दुसरीकडे आलोय?

कोरडवाहू:
कुणाला तरी आठवलं, आभार. तरी बिब्बासाहेबांनी माझंच काम केलं. पॅराबेन दाबलं तर हे आलं, रेटिनॉल दाबलं की सगळे रेटिनालवर उड्या मारतील. मर्यादांनी साधलं काय?

चिडका बिब्बा:
माझ्या खांद्यावरून बंदुका चालवू नका. आमचे हात मर्यादेने नाही फुटले, ती ढिली होती म्हणून फुटले. त्या मिथाइलआयसोथायझोलिनोनला ०.०१ टक्क्यापर्यंत खुशाल परवानगी होती, लोक खाजवून खाजवून दवाखान्यात गेले तेव्हा कुठे युरोपने २०१७ मध्ये लावून ठेवायच्या वस्तूंतून काढलं, आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत नंतर ०.००१५ वर आणलं. तुमची १ टक्केवाली बाटली गेली तर चेहऱ्याला फार तर चार सुरकुत्या जास्त येतील.

कोरडवाहू:
वैयक्तिक होऊ नका.

लेबलवाचक:
कोरडवाहू, सहज विचारतो, ए असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू आहे का तुमची?

कोरडवाहू:
आहे. डोळ्यांसाठी. तुम्हाला काय करायचंय?

निसर्गकन्या:
ते मिथाइल-आयसो की काय, माझ्या नॅचरल शाम्पूवर शेवटून दुसरं नाव तेच आहे. कंपनीला मेल टाकलाय. याचा अर्थ पॅराबेन चांगलं असा होत नाही, आधीच सांगते.

चिडका बिब्बा:
शाम्पू धुऊन टाकायचाच असतो, मर्यादेत असेल तर बहुतेकांना चालतो. मानेला खाज सुटली तर मात्र आधी त्या बाटलीकडे बघा, मलमाकडे नको.