मदत हवी आहे : गंजलेली १९९५ची टाटा इस्टेट घरीच दुरुस्त करतोय, बॉडी चॅसिसवरून उचलावी का?

गुहागरी

नमस्कार मंडळी,

वडिलांनी पुण्यात नोकरीला असताना घेतलेली टाटा इस्टेट त्यांच्या निवृत्तीनंतर गावी आली. गेली काही वर्षं ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खारा वारा बारा महिने. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला, पण गाडी मोडीत काढायची नाही हे घरात सगळ्यांचं ठरलंय. वडिलांना ती पुन्हा चालवायची आहे आणि मला ती त्यांच्या हातात नीट करून द्यायची आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ हा पिकअप आणला. त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट आली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, खाली लांब लोखंडी चॅसिस (गाडीचा सांगाडा), वर वेगळी बॉडी आणि मागे छतापर्यंत उघडणारी मोठी डिकी. त्या काळात आपल्याकडे लांब मागच्या भागाची अशी घरगुती गाडी दुसरी क्वचितच दिसायची. मागची सीट पाडली की आंब्याच्या पेट्या किती मावायच्या ते आमच्या वाडीत अजून सांगतात.

इंजिन मोकळं आहे, हाताने फिरतं. ते नंतर बघू. खरा प्रश्न पत्र्याचा आहे.

कार्पेट काढलं तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखाली डांबराचा जाड थर निघाला. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजने गंजावरच तो फासला होता. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर तो सरळ खाली जमिनीला टेकला. दारांखालचे पोकळ भाग बाहेरून बरे दिसतात, पण हातोडीने वाजवले की पुढे खणखणीत आवाज आणि मागच्या चाकाकडे बद्द. सगळ्यात वाईट अवस्था डिकीच्या उंबऱ्याची आहे. तिथे फ्लोअरचा पत्रा आणि मागचा पत्रा एकमेकांवर येतात. त्या सांध्यातलं सीलंट फुगून वर आलंय, आणि छिन्नी घातली की खारीसारखे पदर सुटतात. त्याच्याच खाली, उजव्या बाजूला, बॉडी ज्या रबरावर चॅसिसला बसते त्या जागेचा पत्रा अर्धा खाल्लेला आहे. म्हणजे त्या कोपऱ्यात बॉडी जवळजवळ लोंबकळतेय.

मी आयटीआयचा फिटर. फाटकं, ग्रिल, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड यांचं वेल्डिंग बरंच केलंय, पण एवढ्या पातळ पत्र्यावर हात बसलेला नाही. ग्राइंडर, वायर ब्रश, साधं आर्क मशीन आहे. सीओटू मशीन (गॅसच्या आवरणात बारीक वायरने वेल्ड करणारं) घ्यायची तयारी आहे.

माझी मुख्य अडचण अशी : बॉडी पूर्ण उचलून चॅसिस वेगळी करावी, की जागेवरच एकेक कोपरा कापून पॅच मारावा? चेनपुली मिळेल, पण शेडचे वासे तेवढं वजन घेतील असं वाटत नाही. दुसरं म्हणजे गंज काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी परत तपकिरी ठिपके दिसतात. एका दरवाजाच्या खालच्या काठावर करून पाहिलं, तेव्हाची गोष्ट. मिरगापर्यंत निदान तळ तरी बंद व्हायला हवा, नाहीतर पाऊस सुरू झाला की सगळं परत पहिल्यापासून. कृपया अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावं. फोटो उद्या टाकतो.

पत्रावेल्डर

बॉडी उचलू नका. निदान आत्ता तरी नाही. गंजलेल्या बॉडीला ताकद कशी उरते? आजूबाजूच्या चांगल्या भागाने आणि चॅसिसवरच्या रबरांनी धरून ठेवलेलं असतं म्हणून. ती उचललीत की दारांच्या चौकटी हलतात, मग दार बसत नाही आणि ते परत जुळवणं घरच्या घरी फार जड जातं. चॅसिस हाच तुमचा जिग, म्हणजे सगळं जागेवर धरून ठेवणारा साचा, आहे असं समजा.

आधी दारं बंद असताना चारी बाजूंच्या फटी मोजून वहीत लिहा. मग दारं काढा आणि चौकटीत आडवी-तिरकी चौकोनी पाइप टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारून बसवा. एक इंची पुरे. त्यानंतरच खालचा पत्रा कापायला घ्या. एका वेळी एकच बाजू, आणि त्यातही एकच तुकडा. तो बसल्याशिवाय पुढचा कापायचा नाही.

मागचा उजवा कोपरा सगळ्यात आधी घ्या. जॅकवर जाड फळी ठेवून बॉडीला हलका आधार द्या, रबरावरचा भार सुटेल इतकाच. वर ढकलायचं नाही. आणि चॅसिसची अवस्था कशी आहे ते सांगा. त्यावर सगळं अवलंबून आहे. मागच्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटभोवती आणि आडव्या पट्ट्या जिथे जोडल्यात तिथे अणकुचीदार हातोडीने ठोकून बघा.

गुहागरी

धन्यवाद, फारच उपयोगी. चॅसिस ठोकून पाहिली. दोन्ही लांब बाजू खणखणीत आहेत, वरवरचा गंज आहे. आत साचलेला मातीचा थर मात्र तारेने उकरून काढावा लागला. डाव्या बाजूला मागच्या आडव्या पट्टीपाशी हातभर जागा पातळ झाल्यासारखी वाटते, पण हातोडी आत जात नाही.

पत्रावेल्डर

मग नशीब चांगलं आहे. पातळ जागेवर पट्टी लावायची वेळ आली तर चौकोनी तुकडा सरळ उभ्या कडांनी वेल्ड करू नका. पट्टीची टोकं तिरकी, निमुळती कापा. चॅसिसच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा वेल्ड पडला की ताण नेमका तिथे जमतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. ट्रकची चॅसिस बांधणारे जुने लोक हेच सांगतील. शिवाय हे काम तुम्ही स्वतः शिकायच्या काळात करू नका, जाणकाराकडून करून घ्या. फ्लोअर तुम्ही करा.

फ्लोअरसाठी सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला) पत्रा आणा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, तो पायाखाली. बाहेरच्या दिसणाऱ्या भागांना २० गेज, ०.९ मिमी. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्तात मिळेल, पण त्याचा जस्ताचा धूर छातीत बसतो आणि रात्री ताप भरतो. वेल्डिंगच्या जागी जस्त घासून काढायचं असेल तरच तो घ्या. आर्क मशीन बाजूला ठेवा, या पत्र्याला ते भोकंच पाडेल. सीओटूला ०.८ची वायर चालते, ०.६ मिळाली तर उत्तम. सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका इथे, पुढचा वीतभर लांब, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग मधला. फट राहिली तर मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही, भोक भरून निघतं. दोन-तीन दिवस भंगारातल्या पत्र्यावर हात बसवा, मगच गाडीला लागा.

आणि पॅच जुन्या पत्र्यावर चढवू नका. काठाला काठ लावून जोडा. चढवलेल्या पॅचच्या पोटात पाणी बसतं. तुमच्या उंबऱ्याचा सांधा नेमका तसाच गेलाय.

रसायनी

परत येणाऱ्या ठिपक्यांबद्दल लिहितो, कारण समुद्राकाठी सगळे तिथेच हरतात. गंज घासला तरी खड्ड्यांच्या तळाशी मीठ उरतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड पुन्हा सडायला लागतं. त्यावर कितीही भारी प्राइमर मारा, वर्षभरात फोड येतात. त्यामुळे गंज घासण्याआधी आणि घासल्यानंतर, दोन्ही वेळा भरपूर गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याचा. लगेच फडक्याने पुसून हीट गनने किंवा उन्हात सुकवा. एक रात्र ठेवून बघा. ठिपके आले तर परत घासा, परत धुवा. ठिपके येणं थांबेपर्यंत प्राइमरचा डबा उघडायचा नाही.

गंज काळा करणारं जे द्रव्य मिळतं त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. जिथे ब्रश पोचत नाही तिथेच ते वापरा. सुटे पदर त्याने बरे होत नाहीत, ते खरवडलेच पाहिजेत. फॉस्फोरिक लावलेल्या जागी एपॉक्सी प्राइमर नीट धरत नाही, म्हणून ती धुऊन, सुकवून, हलकी घासून मगच पुढे जा.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, सीटच्या पट्ट्या असे सुटे भाग असतील तर इलेक्ट्रोलिसिस करा. प्लास्टिकची टाकी, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. ऋण टोक भागाला, धन टोक साध्या लोखंडी सळीला. स्टेनलेसची सळी अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट यात टाकू नका, ते ठिसूळ होतात.

देवगडहून

मी फियाट पद्मिनी अशीच घरी केली, म्हणून दोन गोष्टी. नुसता रेड ऑक्साईड (साधा लाल प्राइमर) मारून सोडू नका. आमच्याकडच्या हवेत तो पाणी आत घेतो. उघड्या लोखंडावर दोन भागांचा एपॉक्सी प्राइमर लावा. ब्रशने लावला तरी चालतो. लांबी (पुट्टी) नेहमी एपॉक्सीवर भरायची, नागड्या पत्र्यावर कधीच नाही, कारण लांबीही ओलावा धरते. एपॉक्सी संध्याकाळी मारू नका. ऊन कलल्यावर पत्रा गार होतो आणि त्यावर न दिसणारं दव बसतं. सकाळी दहानंतर, वारा जमिनीकडून असताना मारा.

सगळं झाल्यावर पोकळ भागांत नळी घालून मेण फवारा, आणि दारांखालची पाणी जायची भोकं रंगाने बुजलीत का ते तारेने तपासा. वरचा टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा) घरी फवारायचा विचार असेल तर थांबा. त्यातल्या हार्डनरचा वाफारा फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. तेवढं काम बूथ असलेल्या पेंटरला द्या.

जुनीगाडी

कागद बघितलेत का? खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी आरटीओत तपासणी आणि आपल्याकडे पर्यावरण कर. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम आपल्याला लागू नाही, त्यामुळे त्या बातम्या वाचून घाबरू नका. व्हिंटेज नोंदणीचा मार्गही अजून बंद आहे, २०२१च्या नियमात त्यासाठी पन्नास वर्षं लागतात. महत्त्वाचं म्हणजे चॅसिस साफ करताना चॅसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका. ती जागा हाताने, मऊ ब्रशने साफ करा, फोटो काढा आणि ग्रीस लावून ठेवा. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

सुट्या भागांचं म्हणाल तर इंजिनाची काळजी नको. १९९४च्या सुमोला हेच इंजिन होतं. काचा आणि बीडिंग (काचेभोवतीच्या रबरी पट्ट्या) मात्र जिवापाड जपा. मागच्या बाजूची लांब काच फुटली तर दुसरी शोधायला वर्ष जाईल. वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुततात, म्हणून ओलं गोणपाट झाकल्याशिवाय मशीन चालू करू नका.

पत्रावेल्डर

ठिणग्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. डिझेलची टाकी काढून शेडच्या बाहेर ठेवा, बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा, वेल्डच्या दोन्ही बाजूंचं वीतभर डांबर खरवडा. ते पेटतं आणि आतल्या बाजूने धुमसत राहतं, तुम्हाला दिसत नाही. वाळूची बादली आणि माणूस, दोन्ही जवळ हवेत. काम संपल्यावर तासभर शेड सोडू नका. शेजारी गोठा आहे म्हणालात, तिथला पेंढा आधी हलवा.

गुहागरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी लगेच आरसी शोधून काढली, नूतनीकरणाची मुदत उलटून गेली आहे. आरटीओचं ते बघणार आहेत.

आता ठरलंय ते असं. बॉडी उचलायची नाही. पेंढा हलवला, डिझेलची टाकी आज उतरवली. दारांच्या फटी मोजून झाल्या. उजव्या मागच्या दाराची फट वरच्या बाजूला खालच्यापेक्षा चांगलीच मोठी आहे, म्हणजे तो कोपरा बसलाय हे नक्की. चॅसिसच्या डाव्या जागेसाठी चिपळूणच्या एका ट्रक बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलावलंय. मधल्या दिवसांत सीओटूवर हात बसवतो आणि फ्लोअर पावसाआधी बंद करतो. बाहेरचा रंग दिवाळीनंतर.

अजून दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. तो बसलेला कोपरा जॅकने मूळ जागी आणायचा असेल तर पॅच मारण्याआधी आणायचा की दार बसवून बघत बघत? आणि डिकीच्या उंबऱ्याचा मूळ आकार आता माझ्या गाडीवर उरलेलाच नाही. कोणाकडे इस्टेट असेल आणि तिचा तो भाग शाबूत असेल, तर पुठ्ठ्यावर आडवा छेद रेखाटून मापांसकट फोटो टाकता येईल का? गाडी जवळपास असेल तर पुठ्ठा आणि कात्री घेऊन मी स्वतः येतो. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, कुठेही.