मदत हवी आहे: झिरो एडी मित्रांशी जोडलं जाईना

मंडळी, मी शहापुरात, एक दोस्त खानापुरात, एक निपाणीत. तिघांकडे झिरो एडी या स्ट्रॅटेजी गेमची एकच आवृत्ती, मॉड (वरून टाकलेले बदल) नाहीत. माझ्या घरी एका राउटरवर बसलो की झकास चालतं, आपापल्या घरून मात्र जोडणीच लागत नाही. यूडीपी 20595 पोर्ट उघडला, फायरवॉल बंद केली, गेमच्या ऑनलाइन लॉबीतूनही होस्ट केलं. काही उपयोग नाही. राउटरच्या पानावर आयपी 100.72 ने सुरू होतो, बाहेरून वेगळाच दिसतो, म्हणजे सीजीनॅटच (केबलवाल्याने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी दिलाय, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून जोडणी पोचत नाही). स्टॅटिक आयपीला केबलवाला जादा पैसे मागतो, ते नको. निपाणीवाला मोबाइल हॉटस्पॉटवर, त्यात लॅपटॉप 4 जीबीचा (मौर्यांचे हत्ती आले की आधीच रडतो). झिरोटिअर की टेलस्केल (लांबचे संगणक एकाच घरच्या नेटवर्कवर असल्यासारखे जोडणारी सॉफ्टवेअरं), अशा नेटवर कुणी खेळलंय का, आणि लॅग कशात कमी येतो?