शब्दचर्चा : ‘वेल ड्रेन्ड’ जमीन म्हणजे उत्तम निचऱ्याची?

फोंड्याचा अनुवादक

अमेरिकेतल्या चराऊ माळावरच्या एका मातीचे शास्त्रीय वर्णन मराठीत आणतो आहे. माती पूर्व कोलोरॅडोतली, वर ब्लू ग्रामासारखे बुटके गवत. मूळ मजकूर तिला ‘व्हेरी डीप, वेल ड्रेन्ड’ म्हणतो आणि वर्ग देतो ‘फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरअ‍ॅक्टिव्ह, मेझिक अ‍ॅरिडिक आर्जिउस्टोल’. वाचक गोव्यातले बागायतदार आणि कृषी पदविकेचे विद्यार्थी. ‘वेल ड्रेन्ड’ला ‘उत्तम निचऱ्याची’ चालेल का? ‘रेंजलँड’ला तूर्त ‘सडा’ लिहिले आहे, म्हणजे वाचकाला ओळखीचे वाटेल. आणि ते आगगाडीएवढे नाव फोडावे की तसेच ठेवावे?

मातीतपासनीस

‘सडा’ आधी खोडा. सडा म्हणजे जांभ्याचे पठार: मोपा, वेर्णा, बांबोळी. ते जमिनीच्या आकाराचे नाव झाले. ‘रेंजलँड’ हा जमिनीच्या वापराचा शब्द आहे. सड्यावर पावसाळ्यात गुरे चरतात हे खरे, पण म्हणून कोलोरॅडोच्या माळाला सडा म्हटले तर गोव्याचा वाचक तिथे काळा कातळ आणि तांबडा चिरा पाहील. त्या मातीत जांभ्याचा कणही नाही.

आता ‘निचरा’. रोजच्या बोलण्यात आपण या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो. पाणी उतारावरून वाहून गेले तरी निचरा झाला, जमिनीत मुरले तरी निचरा झाला, आणि मुरलेले पाणी मुळांच्या थरातून खाली गेले तरी निचराच. मृदाशास्त्रातला ‘ड्रेनेज क्लास’ फक्त तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो: पिकाच्या वाढीच्या काळात माती किती खोलीपर्यंत, किती वेळ ओलीगच्च राहते? वेगाचा संबंध आहे, पण दुरून. ‘वेल ड्रेन्ड’ची व्याख्याच अशी की पाणी सहज निघून जाते, पण झपाट्याने नाही, आणि मुळांची वाढ खुंटेल इतका वेळ ओल साचून राहत नाही. म्हणून कोणी ‘चटकन निचरणारी’ सुचवले तर तेही चूक. ती वेगळी पायरी आहे.

म्हापशाची शब्दवेडी

क्रियापदे नीट लावली तर अर्धे काम होते, आणि मराठीकडे ती मुबलक आहेत. पाणी जमिनीत *मुरते*, आतल्या आत खाली *झिरपते*, दुसऱ्या बाजूने बाहेर येते तेव्हा *पाझरते*. माठ पाझरतो, डोंगराच्या पायथ्याची झर पाझरते. धुतलेले तांदूळ चाळणीत *निथळतात*, म्हणजे अंगावरचे सुटे पाणी गळून जाते. निचरा या सगळ्यांचा हिशेब आहे: जादा पाणी जाऊन हवे तेवढे उरणे. ‘इन्फिल्ट्रेशन’ला मुरणे, ‘परकोलेशन’ला झिरपणे आणि ‘ड्रेनेज’ला निचरा एवढे जरी प्रत्येक लेखकाने पाळले तरी पुरे. पाठ्यपुस्तकांत या तिघांची अदलाबदल सर्रास दिसते.

‘उत्तम’ला माझी हरकत वेगळी आहे. उत्तम ही शाबासकी आहे, मोजमाप नव्हे. तुमच्या मते ‘वेल’ उत्तम, तर ‘एक्सेसिव्हली ड्रेन्ड’ काय, अत्युत्तम?

मातीतपासनीस

नेमके तेच होते. अमेरिकी मृदासर्वेक्षणात सात पायऱ्या आहेत आणि ‘वेल’ तिसरी. तिच्या वर दोन पायऱ्या अति निचऱ्याच्या, खाली चार ओलीच्या. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवरची ‘व्हॅलेंटाइन’ नावाची मृदा पहिल्या पायरीवर आहे. तीही चराऊ माळच, पण पाणी धरतच नाही. तिला कोणी ‘उत्तम’ म्हणणार नाही.

उलट बाजूनेही पाहा. भात लावणाऱ्याला पाणी उभे राहायला हवे. मोरड म्हणजे उंचावरच्या शेतात पाणी ठरत नाही म्हणून तिथे पावसाचा खंड पडला की भात लगेच माना टाकतो. खेर म्हणजे सखल, वाळूसर जमीन त्या मानाने बरी आणि खाडीकाठच्या खाजनाचे तर सगळे गणित बांध आणि मानसीवर, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारांवर. एकाला उत्तम ते दुसऱ्याला उणे.

म्हापशाची शब्दवेडी

मग ‘पुरेसा’ मध्ये ठेवून शिडी बांधू या. अतिनिचऱ्याची, काहीशी अतिनिचऱ्याची, पुरेशा निचऱ्याची, मध्यम निचऱ्याची, काहीशा अपुऱ्या निचऱ्याची, अपुऱ्या निचऱ्याची, अत्यंत अपुऱ्या निचऱ्याची. अति, पुरेसा, अपुरा हे तीन शब्द वाचकाला आधीच ठाऊक आहेत आणि क्रम आपोआप कळतो. शेवटच्या पायरीला ‘पाणथळ’ म्हणायचा मोह होईल, पण पाणथळ जागेचे नाव आहे, मातीचे नव्हे. ‘चिबड’ही नको. तो घाटावरचा शब्द, आणि जास्त पाणी पाजून बिघडवलेल्या जमिनीचा.

सत्तरीची काजू बागायत

‘पुरेशा निचऱ्याची’ मान्य. पण वाचकाला ती ओळखायची कशी हेही लिहा, नाहीतर शब्द कागदावरच राहील. काजू लावण्याआधी करायची तपासणी अशी:

३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आडवी काठी ठेवून पट्टीने दर तासाला पातळी मोजा. तासाला साधारण अडीच ते साडेसात सेंमी उतरले तर ठीक. त्याहून कमी उतरले तर पाणी तुंबण्याची भीती. दहा सेंमीच्या वर गेले तर माती पाणी धरत नाही, उन्हाळ्यात रोपे जगवताना हाल.

चुका कुठे होतात? पहिल्याच दिवशी मोजतात ही सर्वांत मोठी चूक. मे महिन्यातली तापलेली तांबडी माती पहिले पाणी अधाशासारखे पिते, खरा वेग दुसऱ्या भरणीलाच कळतो. ओल्या मातीत फावड्याच्या पात्याने खड्ड्याच्या बाजू लिंपल्या जातात आणि पाणी खोटेच थांबते; खिळ्याने किंवा चाकूच्या टोकाने बाजू खरवडून घ्याव्यात. वारूळ किंवा उंदराचे बीळ लागले तर पाणी गायब होते, तो खड्डा बाद. आणि तळाला कातळ लागला तर खड्डा मातीची नव्हे, कातळाची परीक्षा घेतो.

मातीतपासनीस

खड्ड्याची परीक्षा बागायतीला चांगली, पण ती वेग मोजते. पायरी ठरवायला रंग पाहतात. गिरमिट मीटरभर खाली घाला आणि माती क्रमाने पाटीवर मांडा. जिथे माती दरवर्षी बराच काळ पाण्याने भरलेली राहते तिथे लोह विरघळून निघून जाते, माती राखाडी पडते आणि मुळांच्या वाटांवर गंजाच्या रेघा उठतात. भातशेताच्या बांधाची माती फोडली की या रेघा डोळ्यांनी दिसतात. पुरेशा निचऱ्याच्या मातीत मुळांच्या थरात असे डाग नसतात, रंग एकसारखा तांबडा किंवा तपकिरी.

गोव्यात मात्र इथेच फसगत होते. जांभ्याच्या खाली तांबडे, पिवळे, पांढरे पट्टे असलेली माती लागते. ते पट्टे खडक झिजत असतानाचे, फार जुने. आजच्या ओलीचे नव्हेत. पट्टे दिसले म्हणून ‘अपुरा निचरा’ लिहिले की नकाशा चुकला. पट्ट्याच्या कडा पाहा, मुळाला धरून राखाडी रेघ आहे का पाहा, आणि जुलैत त्याच खड्ड्यात पाणी कुठवर चढते तेही पाहा.

फोंड्याचा अनुवादक

मग सडा कोणत्या पायरीवर? पावसात तिथे पाणी साचलेले असते, पण नोव्हेंबरात पाय भाजतात.

मातीतपासनीस

एक पायरी नाहीच. कातळ ही माती नाही, म्हणून उघड्या कातळाला निचऱ्याचा वर्ग देत नाहीत. कातळाच्या खळग्यात दहा-पंधरा सेंमी माती असते. गोव्याचा सुमारे ३००० मिमी पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो, तेव्हा ती माती पाण्याखाली असते, आणि पावसाळी गवत-फुले तिथेच उगवतात. उतारावरची खडेदार तांबडी माती पुरेशा निचऱ्याची. त्याच डोंगराच्या पायथ्याला झर, कारण वरचे कवच कठीण असले तरी आतला जांभा सच्छिद्र आहे. वर साचते, मध्ये निचरते, खाली पाझरते. सडा शब्द कोलोरॅडोला का लावू नये याचे हे दुसरे कारण.

म्हापशाची शब्दवेडी

‘रेंजलँड’कडे वळू. कुरण राखलेले असते, आत गुरे सोडत नाहीत, गवत कापून नेतात. गायरान हा गावकीच्या हक्काचा, महसुली शब्द. रेंजलँडवर पेरणी नाही, नांगर नाही, आपसूक उगवलेले गवत-झुडूप आणि त्यावर चराई. ‘चराऊ माळरान’ लिहा. थोडे लांब आहे, पण खोटे नाही.

मातीतपासनीस

आता नाव. ते मागून पुढे वाचायचे. ‘ओल’ म्हणजे मॉलिसोल, अमेरिकी वर्गीकरणाच्या बारा मुख्य गणांपैकी एक. लॅटिन ‘मोलिस’, मऊ. वरचा थर गडद, सेंद्रिय कर्ब निदान ०.६ टक्के, अल्कधर्मी मूलद्रव्यांची भरती निदान ५० टक्के. ‘उस्ट’, जळलेले: ओल मर्यादित, पण वाढीच्या दिवसांत मिळते. ‘आर्जि’: वरची चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरून तिचा वेगळा थर झालेला. वर २० टक्के चिकण असेल तर त्या थरात निदान २४ हवी. ढेकूळ फोडून भिंगाखाली धरले तर पृष्ठावर चिकणमातीचा चकचकीत पापुद्रा दिसतो. ‘अ‍ॅरिडिक’: याच कुळातली, पण कोरड्या टोकाकडची. ‘मेझिक’: मातीचे वार्षिक सरासरी तापमान ८ ते १५ अंश. गोव्याची माती २२ अंशांच्या वर आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक सहा अंशांहून कमी, म्हणून आपल्याकडे तिथे ‘आयसोहायपरथर्मिक’ येते. ‘मिक्स्ड’: एकाच खनिजाचे राज्य नाही. ‘सुपरअ‍ॅक्टिव्ह’: चिकणमातीच्या मानाने अन्नद्रव्ये धरण्याची ताकद फार, जांभ्याच्या मातीचे याच्या अगदी उलट.

नाव तसेच ठेवा, खाली एवढी फोड द्या.

म्हापशाची शब्दवेडी

दोन सापळे. ‘फाइन-लोमी’ म्हणजे ‘बारीक पोयटा’ नव्हे. १८ ते ३५ टक्के चिकणमाती असलेला गट आहे तो, तेव्हा ‘चिकणसर पोयटा’. पोयटा म्हटले की खेड्यात नदीचा गाळ आठवतो, म्हणून एकदा टक्केवारी लिहाच. दुसरा सापळा मोठा. मॉलिसोलचा ‘गडद रंग’ कोणी ‘काळी माती’ केला की मराठी वाचकापुढे कापसाची, भेगाळणारी, पावसात चिखल होणारी जमीन उभी राहते. ती वेगळ्याच गणातली. ‘गडद तपकिरी’ लिहा.

आणि कृपा करून ‘होरायझन’ला ‘क्षितिज’ करू नका. जमिनीत क्षितिज खणायला कोणी जात नाही. थर म्हणा.

सत्तरीची काजू बागायत

जाता जाता: ‘लॅटेराइट’ हे नावही लॅटिन ‘लेटर’, म्हणजे वीट, यावरून. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये मलबारातल्या अंगाडिपुरमला लोक जमिनीतून विटा कापताना पाहून ते ठेवले. आपण त्याच दगडाला ‘चिरा’ म्हणतो. त्याने कोकणीत विचारले असते तर जगाने आज ‘चिराइट’ म्हटले असते.

फोंड्याचा अनुवादक

पक्के केलेले वाक्य: ‘ही चराऊ माळरानावरची अतिशय खोल, पुरेशा निचऱ्याची मृदा आहे. वरचा थर गडद तपकिरी, खाली चिकणमाती उतरून झालेला थर.’

मातीतपासनीस

‘अतिशय खोल’पुढे ‘दीड मीटरहून अधिक’ घाला. आपल्याकडे अर्धा मीटर माती लागली तरी लोक खोल म्हणतात.