मुलांच्या फोम-तलवारींच्या खेळासाठी चिलखत: सांधे उघडतात, काय चुकतंय?

कोथरूडची_आई: ८-९ वर्षांच्या मुलांसाठी ६ मिमी ईव्हीए फोमचं (चपलांच्या तळव्यासारखा लवचिक फोम) चिलखत करतेय. चिकटवलेले सांधे वाकवताना उघडतात. त्यापेक्षा पत्रा वापरू का?

कातर_आणि_पट्टी: पत्रा अजिबात नको. त्याची कड बोटं कापते, शिवाय समोरच्याच्या तलवारीचं कव्हर फाडते. खांदे-मनगटांना ६ मिमी पुरतो, छातीला १० घ्या. गोंद ओला असतानाच जोडलंत तर सांधा उघडणारच. फेव्हिकॉल एसआर ९९८ दोन्ही कडांना पातळ लावा, १०-१५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की घट्ट दाबा. वास उग्र असतो, गच्चीत करा. आणि गोलाई आधी द्या: हीट गनने (गरम हवा फेकणारं यंत्र) तापवून, गार होईपर्यंत मोठ्या पातेल्यावर दाबून धरा. सपाट चिकटवून मग वाकवलं की सगळा ताण सांध्यावर येतो.

पेठेतला_शिकलगार: चार आईना (चार पाट्यांचं जुन्या पद्धतीचं चिलखत) करा, मुलांना सर्वात सोपा प्रकार: छाती, पाठ आणि कुशीच्या दोन पाट्या. कुशीची पाटी काखेपासून ३ बोटं खाली ठेवा आणि वरची कड अर्धगोल कापा. नाहीतर हात उचलला की अख्खं चिलखत हनुवटीशी येतं. जोडायला वेल्क्रो, नाडी नको. ओढ बसली तर पट्टा सुटायलाच हवा. वेल्क्रो, हीट गन, गोंद पुण्यातल्या बोहरी आळीत मिळेल.

कातर_आणि_पट्टी: एक राहिलं. फोमचं शिरस्त्राण फक्त दिसायला असतं, त्याच्या भरवशावर डोक्यावर वार करू देऊ नका.

कोथरूडची_आई: पातेल्याचं लक्षातच आलं नव्हतं. छातीची पाटी १० मिमीत नव्याने कापते.