टेक्सास : काउंटी कोर्टात मिसडिमीनरची (फेलनीपेक्षा कमी गंभीर गुन्ह्याची) केस कशी पुढे सरकते?

निशिगंध :

नमस्कार. विद्यार्थी व्हिसावर टेक्सासमध्ये असलेल्या एका नातेवाइकावर दुकानातलं सामान पैसे न देता बाहेर नेल्याचा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटका झाली. कागदावर 'थेफ्ट, १०० ते ७५० डॉलर, क्लास बी' असं लिहिलंय आणि काउंटी कोर्टाची तारीख आहे. आपल्याकडचा एफआयआर, चार्जशीट, मग तारखा हा क्रम माहीत आहे, इथला अजिबात नाही. पहिल्या तारखेला नेमकं काय होतं? कबूल करून, दंड भरून एकदाचं मोकळं व्हावं का? दुकानाने तक्रार मागे घेतली तर केस संपते का? आणि व्हिसाचं काय?

गोदाकाठ :

आधी दोन गोष्टी: तारीख चुकवायची नाही, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली द्यायची नाही. बाकीच्या बहुतेक चुका पुढे निस्तरता येतात, या दोन फार महाग पडतात.

केस कुठल्या कोर्टात जाणार हे शिक्षेच्या कमाल मर्यादेवर ठरतं. नुसत्या दंडाचे गुन्हे म्हणजे क्लास सी, कमाल ५०० डॉलर. ते जस्टिस किंवा म्युनिसिपल कोर्टात चालतात. क्लास बीला १८० दिवसांपर्यंत काउंटी जेल आणि २,००० डॉलरपर्यंत दंड, क्लास एला एक वर्षापर्यंत जेल आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. ही दोन्ही काउंटी कोर्टाची कामं. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, डिस्ट्रिक्ट कोर्टात जाते. छोट्या काउंटीतले काउंटी जज निवडून आलेले असतात आणि ते वकील असलेच पाहिजेत असं नाही. मोठ्या काउंट्यांत 'काउंटी कोर्ट ॲट लॉ' असतात, तिथे न्यायाधीश कायद्याचेच. हॅरिस काउंटीत (म्हणजे ह्यूस्टन) नुसत्या मिसडिमीनरसाठी अशी १६ कोर्टं आहेत, म्हणून कागदावरचा कोर्टाचा क्रमांक आणि कॉज नंबर (केसचा क्रमांक) नीट बघून ठेवा.

अटक झाली म्हणजे केस दाखल झाली, असं नसतं. क्लास ए आणि बीला ग्रँड ज्युरी (आरोप ठेवायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) लागत नाही. कोणीतरी शपथेवर दिलेली तक्रार आणि तिच्या आधारावर सरकारी वकिलाने सही केलेलं आरोपपत्र, ज्याला इथे 'इन्फर्मेशन' म्हणतात, हे दोन कागद क्लार्ककडे दाखल झाले की केस सुरू. मिसडिमीनरची केस दाखल करायला मुदत दोन वर्षांची. त्यामुळे क्लार्कच्या वेबसाइटवर काही दिसत नाही म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नये. इन्फर्मेशनमध्ये नाव, तारीख, किंमत, कलम यांत चूक असेल तर हरकत खटला सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते. नंतर तो हक्क जातो.

पहिल्या तारखेला बहुधा फार काही होत नाही. नाव पुकारतात, वकील आहे का विचारतात, काही ठिकाणी आरोप वाचून दाखवतात. वकील नसेल तर वकील करायला वेळ देऊन पुढची तारीख मिळते. परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मागता येतो, उत्पन्नाचा तपशील शपथेवर द्यावा लागतो. पुढच्या तारखांना 'रीसेट' म्हणतात. चार-सहा रीसेट झाले तरी घाबरू नका, त्या काळात पुराव्यांची देवाणघेवाण चालू असते.

खरी लढाई पुराव्यांपाशी असते. मायकेल मॉर्टन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. वकिलाने मागणी केली की पोलिस रिपोर्ट, व्हिडिओ, साक्षीदारांचे जबाब सरकारी वकिलाला द्यावे लागतात, आणि आरोपीच्या बाजूने जाणारं काही हाती असेल तर ते न मागताही. वकील हे सगळं अशिलाला दाखवू शकतो, पण प्रती देऊ शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे. त्यावरून वकिलाशी वाद घालू नये. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मात्र काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा अशी लेखी सूचना वकिलाने पहिल्याच आठवड्यात पाठवायला हवी. शिवाय किंमत कशी काढली ते तपासा. सामान सेलमध्ये असेल आणि खरी बेरीज १०० डॉलरच्या खाली येत असेल, तर गुन्हा क्लास सीमध्ये उतरतो.

उंबरठा :

तक्रार मागे घेण्याबद्दल. केसचं नाव 'स्टेट ऑफ टेक्सास विरुद्ध अमुक' असं असतं. दुकान किंवा पीडित व्यक्ती साक्षीदार आहे, पक्षकार नाही. 'केस चालवायची नाही' असं शपथपत्र देता येतं, पण ते सरकारी वकिलावर बंधनकारक नाही. दुकानाकडून नुकसानभरपाई मागणारं पत्र आलं तर तो दिवाणी भाग आहे. ते पैसे भरल्याने फौजदारी केस थांबत नाही.

घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये याच गैरसमजातून सगळ्यात जास्त नुकसान होतं. मॅजिस्ट्रेट अटकेनंतर तातडीचा संरक्षण आदेश काढू शकतो, साधारणपणे ३१ ते ६१ दिवसांचा. त्या काळात बायकोने स्वतः फोन करून घरी बोलावलं आणि नवरा गेला, तरी आदेश मोडल्याचा नवा गुन्हा नवऱ्यावर लागतो. आदेश फक्त कोर्ट बदलू शकतं.

जामिनाबद्दल: रोख जामीन भरला असेल तर सगळ्या तारखांना हजर राहिल्यावर, केस संपली की तो परत मिळतो. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या बाँड कंपनीला दिलेली रक्कम (जामिनाच्या साधारण १० टक्के) परत मिळत नाही. तारीख चुकली तर जामीन जप्तीची कारवाई, अटकेचं वॉरंट आणि वर 'बेल जंपिंग'चा स्वतंत्र गुन्हा, जो क्लास बीच्या केसमध्ये स्वतःच क्लास ए असतो. पत्ता बदलला तर कोर्टाला आणि बाँड कंपनीला दोघांनाही लेखी कळवा. सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि माणूस वॉरंटमध्ये अडकतो. जामिनाच्या अटींत काउंटी किंवा राज्य सोडायला बंदी आहे का तेही वाचा. भारताचं तिकीट काढण्याआधी न्यायाधीशांची लेखी परवानगी लागू शकते.

निशिगंध :

खूप आभार. सरकारी वकील 'डिफर्ड' देतील, म्हणजे दोषी ठरवणार नाहीत, असं कळलं. मग ते घेतलं तर व्हिसाला धोका नाही ना?

आषाढघन :

धोका आहे, आणि इथेच भारतीय विद्यार्थी सगळ्यात जास्त फसतात.

डिफर्ड ॲडज्युडिकेशनमध्ये आरोपी 'गिल्टी' किंवा 'नो काँटेस्ट' म्हणतो, न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतात आणि देखरेखीखाली ठेवतात. मिसडिमीनरला कमाल मुदत दोन वर्षांची. अटी पाळल्या की केस डिसमिस. टेक्सासच्या कायद्यात हे कन्व्हिक्शन (दोषी ठरणं) नाही. पण इमिग्रेशनच्या कायद्याची व्याख्या वेगळी आहे: कबुली दिली आणि कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की ते कन्व्हिक्शनच. म्हणजे राज्याच्या दृष्टीने निर्दोष, केंद्राच्या दृष्टीने दोषी. 'नो काँटेस्ट' म्हटल्यानेही इथे काही सुटका नाही, त्याचा उपयोग फक्त दिवाणी दाव्यात.

त्यापेक्षा 'प्रीट्रायल डायव्हर्जन' चांगलं. तो सरकारी वकिलाशी केलेला करार असतो. वर्ग, समाजसेवा, फी हे सगळं पूर्ण केलं की केस काढून घेतली जाते आणि कोर्टापुढे कबुली द्यावी लागत नाही. मात्र काही काउंट्यांत करारासोबत लेखी कबुलीजबाब मागतात. त्यावर सही करण्यापूर्वी तो मजकूर इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा, क्रिमिनलच्या नव्हे. पडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या निकालापासून हद्दपारीच्या परिणामांबद्दल सल्ला देणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. तरी दोघांना एकमेकांशी बोलायला लावणं सगळ्यात सुरक्षित.

क्लास ए आणि बीमधला फरक इथे जेलच्या दिवसांपुरता राहत नाही. चोरी हा इमिग्रेशनच्या भाषेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा घडला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर हद्दपारीचं कलम लागतं. इथे प्रत्यक्ष मिळालेली शिक्षा कोणी बघत नाही, कमाल शिक्षा बघतात. क्लास एची कमाल बरोबर एक वर्ष, म्हणून तो या कलमात सापडतो. क्लास बीची १८० दिवस, म्हणून एकटा असेल तर सापडत नाही. क्लास एच्या आरोपात वकिलाने आरोप एक पायरी खाली आणण्यासाठी का झगडायचं, ते यावरून समजेल. दुसऱ्यांदा असा गुन्हा झाला तर मात्र ही पळवाट बंद.

व्हिसा आणि स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या अटकेवरूनही पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे आपोआप देश सोडावा लागतो असं नाही, पण बाहेर गेल्यावर नवा व्हिसा मिळवावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पोलिसांच्या नोंदीत नाव आल्यावरून हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदी बंद केल्या होत्या, त्यात केस डिसमिस झालेलेही होते. कोर्टात दावे गेल्यावर त्या पूर्ववत केल्या गेल्या. म्हणून केस चालू असताना भारतात फेरी मारायचा बेत शक्यतो पुढे ढकलावा.

गोदाकाठ :

कबुलीबद्दल राहिलं होतं. जामीन न मिळालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी 'टाइम सर्व्ह्ड' म्हणजे काढलेले दिवस हीच शिक्षा, लगेच घरी, असा प्रस्ताव येतो. ऐकायला गोड, पण ते पूर्ण कन्व्हिक्शन आहे आणि टेक्सासमध्ये ते पुसता येत नाही. त्यापेक्षा हे माहीत असू द्या: आरोपी जेलमध्ये असेल आणि सरकार पक्ष क्लास बीला १५ दिवसांत, क्लास एला ३० दिवसांत खटल्याला तयार नसेल, तर त्याला वैयक्तिक हमीवर सोडावं किंवा जामिनाची रक्कम कमी करावी लागते. वकिलाने तसा अर्ज करायला हवा.

तडजोड झाली नाही तर खटला. काउंटी कोर्टात ज्युरी सहा जणांची, निकाल एकमताने. निवडीच्या वेळी दोन्ही बाजूंना कारण न देता तीन-तीन जण वगळता येतात. आरोपीने साक्ष दिलीच पाहिजे असं नाही, आणि न दिल्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावता येत नाही. शिक्षा ज्युरीने ठरवावी असं वाटत असेल तर ज्युरीची निवड सुरू होण्याआधी लेखी द्यावं लागतं, नाहीतर ती न्यायाधीश ठरवतात. अपिलाची नोटीस शिक्षेपासून ३० दिवसांत. करार करून कबुली दिली असेल तर अपिलाचा हक्क जवळजवळ उरत नाही.

कोर्टात आई-वडील किंवा इंग्रजी कच्चं असलेलं कोणी साक्ष देणार असेल, तर मराठी दुभाष्यासाठी अर्ज बराच आधी द्या. मराठीचे परवानाधारक दुभाषे मोजकेच असतात. नातेवाइकाला दुभाषा करू नये, त्याच्या एका चुकीच्या शब्दावर जबाब फिरतो.

उंबरठा :

शेवटी रेकॉर्ड. डायव्हर्जनने केस डिसमिस झाली तर नोंद पूर्ण नष्ट करण्यासाठी एक्स्पंक्शनचा अर्ज करता येतो. क्लास ए-बीचं डिफर्ड पूर्ण केलं तर ते मिळत नाही, फक्त नोंद नोकरी देणाऱ्या खाजगी कंपन्यांपासून झाकणारा नॉनडिस्क्लोजरचा आदेश मिळू शकतो, आणि सरकारी खात्यांना ती तरीही दिसते.

एक्स्पंक्शनचा अर्ज टाकण्याआधी क्लार्ककडून इन्फर्मेशनची आणि डिसमिसलच्या आदेशाची प्रत्येकी चार-पाच प्रमाणित प्रती काढून घ्या. आदेश झाला की क्लार्ककडे देण्यासारखं काहीच उरत नाही. व्हिसाच्या अर्जात मात्र 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न येतोच, आणि नोंद पुसली असली तरी उत्तर 'हो' हेच द्यायचं असतं. त्या वेळी वकिलातीतला अधिकारी हेच कागद मागतो.