दोन घरं, दोन फोन: लॉकडाऊनमधल्या प्रेमकथेत विनोदाचं टायमिंग कसं जुळवायचं?

प्रश्न
एप्रिल २०२० मध्ये घडणारी पाच भागांची छोटी वेबसिरीज करतोय. ती पुण्यात, तो डोंबिवलीत, सगळं प्रेमप्रकरण व्हिडिओ कॉलवर. शूटिंगही तेव्हासारखंच: दोघं आपापल्या घरी, दिग्दर्शक कॉलवर. चाचणीत कॉलचंच रेकॉर्डिंग वापरलं, तर चित्र फुटतं आणि विनोद साफ पडतो, कारण त्याचं उत्तर उशिरा येतं. शिवाय एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे सरकतात. बजेट अगदी तुटपुंजं आहे.

कात्रीवाला
कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यासाठी ठेवा, तो रेकॉर्ड करू नका. प्रत्येकाकडे दोन फोन हवेत: एकावर कॉल, दुसऱ्यावर मागच्या कॅमेऱ्याने शूटिंग. शूटिंगचा फोन फ्लाइट मोडवर. कानात वायरचा इअरफोन, म्हणजे समोरच्याचा आवाज आपल्या माईकमध्ये शिरत नाही. व्हिडिओ कॉलच्या दृश्यात इअरफोन दिसला तरी खटकत नाही.

विनोद पडतो तो लॅगमुळे, म्हणजे आवाज उशिरा पोहोचल्यामुळे. आवाज पोहोचायला अर्धा सेकंद लागत असेल, तर तो लगेच उत्तर देतो, पण तिच्या बाजूला पूर्ण एक सेकंदाची पोकळी पडते: अर्धा जाताना, अर्धा येताना. म्हणून नटांना सांगा, घाई करू नका, एकमेकांचं वाक्य तोडू नका. तोडायचं ते एडिटमध्ये. दोन्ही ट्रॅक स्वच्छ वेगळे असले की त्याचं ‘अगं पण’ तिच्या शेवटच्या शब्दावर चढवता येतं, आणि भांडण तिथेच जिवंत होतं.

टेकच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या फोनसमोर टाळी वाजवायची. त्या टाळीवर फक्त स्वतःचं चित्र आणि स्वतःचा कॉलर माईक जुळवा. दोघांच्या क्लिपा एकाच टाळीवर जुळवू नका, कारण कॉलवरून येणारी टाळी मुळातच उशिरा आलेली असते. तिथे कानावर भरवसा ठेवा. आणि समोरचा बोलत असतानाही कॅमेरा चालू राहू द्या. प्रेमकथा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडते. ते शॉट नसतील तर कापायला काही उरत नाही.

फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बहुधा बदलता असतो, त्यामुळे लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. एडिटला घेण्याआधी सगळ्या क्लिपा हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून अजिबात मागवू नका, दर्जा जातो. ड्राइव्हवर मूळ फाइल.

उजेडवाली
पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेम्स नसतील, ३०च असतील, तरी चालतं. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, नाहीतर पांढरा शर्ट हलला की भिंत काळवंडते. पंखा बंद, मागे गोधडी टांगलेली, आणि रिकाम्या खोलीचा ३० सेकंद आवाज वेगळा घ्या. तुकडे सांधायला तोच लागतो.

प्रश्नकर्ता
स्प्लिट स्क्रीनमध्ये तिने चहाचा कप ‘देणं’ आणि त्याने तो घेणं, हे जमेल?

उजेडवाली
जमेल. दोघांकडे एकसारखेच कप हवेत आणि दोन्ही फोन सारख्याच उंचीवर, सारख्याच अंतरावर. ती डावीकडे, तर कप तिच्या चौकटीच्या उजव्या कडेतून बाहेर जातो आणि त्याच्या डाव्या कडेतून आत येतो. कडेपाशी, चौकटीच्या जरा बाहेर, स्टँडला चिकटपट्टी लावून उंची ठरवा. सेल्फी कॅमेरा टाळा: त्याचा प्रिव्ह्यू आरशासारखा उलटा दिसतो, नट हमखास चुकीच्या बाजूला हात नेतात. कप अर्धा भरलेला ठेवा. रिकामा कप हातात हलका दिसतो.

पटकथावाला
काळाबद्दल तीन गोष्टी. झूमची ४० मिनिटांची मर्यादा तेव्हा तीन किंवा जास्त जणांच्या कॉलला होती, दोघांच्या नाही. त्यामुळे ‘कॉल तुटला’ हे निमित्त हवं असेल, तर आईला कॉलमध्ये घ्या. व्हॉट्सॲपवर एप्रिलच्या अखेरीपर्यंत कॉलमध्ये चारच जण बसत. आणि ५ एप्रिल, रात्री ९: नऊ मिनिटं दिवे बंद, दारात पणत्या. तो प्रसंग घेणार असाल, तर चौकटीबाहेर आणखी तीन-चार पणत्या लावा. एका ज्योतीवर फोनचं चित्र दाणेदार होतं आणि तिचे डोळे दिसत नाहीत.